हाक मारताना वय बघावे की माणूस?

महाडच्या एस.टी. स्टँडवर सकाळी पोलादपूरच्या गाडीला उभे राहावे. अर्ध्या तासात एकाच माणसाची किती वये होतात ते कळते. भाजीची पाटी घेऊन आलेल्या बाईला फळवाला 'ताई' म्हणतो, कॉलेजची पोरे 'आजी' म्हणतात आणि घाईतला कुणीतरी 'ए म्हातारे, सरक' म्हणून पुढे जातो. बाई असते पंचेचाळिशीची. आमच्यासारख्या चाळिशीतल्या कारकुनालाही डोक्यावर पांढरे दिसले की 'काका, बसा' म्हणून जागा मिळते. जागा मिळाली म्हणून बरे वाटते, 'काका' ऐकून थोडे खट्टूही होते!

पण आमच्या कष्टकरी माणसांच्या बाबतीत ही नुसती गमतीची गोष्ट नाही. डोंगरउतारावर नाचणी-वरी केलेली, बांधकामावर घमेली वाहिलेली, कारखान्यात रात्रपाळ्या काढलेली माणसे वयाआधी थकलेली दिसतात. बसून काम करणारा साठीतही 'साहेब' राहतो आणि उन्हात राबणारा पन्नाशीतच 'म्हातारबा' होतो. म्हणजे चेहऱ्यावर जे दिसते ते वय नव्हे, तो कामाचा हिशेब असतो.

आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी तर वयाला किंमतच नव्हती. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला वरच्या आळीतले दहा वर्षांचे पोर 'अरे राम्या' म्हणे आणि म्हाताऱ्याने वाकून 'जी' म्हणायचे. ही काही त्या पोराची खोडी नव्हती, त्याला शास्त्राचा आधार होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांच्यात बापाच्या जागी दहा वर्षांचा ब्राह्मण समजावा. शूद्राला वयाचा मान मिळायचा तर त्याने नव्वदी ओलांडावी. शूद्राचे नावही तुच्छता दाखवणारे असावे, असे तोच अध्याय सांगतो. जे शूद्रांच्याही खाली ढकलले गेले, त्यांची गोष्टच नको. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडात जाळला गेला. तेव्हा कोणाला कशी हाक मारायची याचा जुना कायदाही त्या आगीत पडला, असे आम्ही मानतो.

त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा डॉ. आंबेडकर पस्तीस वर्षांचे होते. वयाने त्यांच्याहून कितीतरी मोठी माणसे त्यांना 'बाबा' म्हणू लागली. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या तेव्हा जेमतेम सदतीस वर्षांच्या होत्या, पण आज नव्वदीची आजीही त्यांना 'रमाई' म्हणते. इथे 'बाबा' आणि 'आई' हे शब्द वय मोजत नाहीत, उपकार मोजतात.

भगवान बुद्धांच्या संघातही ज्येष्ठपणा जन्मतारखेवर ठरत नाही. उपसंपदा घेतल्यापासून किती वर्षावास झाले ते मोजतात. म्हणून पंचविशीतल्या भन्तेजींना सत्तरीचा उपासक वंदन करतो. उपाली न्हाव्याची कथा विनयपिटकात आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. आपण लग्नपत्रिकेवर 'आयु.' छापतो, तो 'आयुष्मान' शब्दही पालीतल्या 'आयस्मा'चाच भाऊ. तो लहानालाही चालतो आणि थोरालाही.

मग पत्रिकेवर 'आयुष्मती' आणि सभेत 'ए म्हातारे, मागे बस' हे कसे चालेल? टेबलामागे बसलेला आपलाच शिकलेला मुलगा समोरच्या बाईला 'ए आजी, अंगठा लाव' म्हणतो तेव्हा शिक्षण कुठे गेले?

आता कागदाचे. वय चुकीचे समजले जाण्याचा खरा फटका इथे बसतो. जुन्या माणसांच्या जन्माची नोंद नसते. शाळेत गेले त्यांची तारीख गुरुजींनी १ जून टाकली. शाळेत गेले नाहीत त्यांचे वय आधार कार्डावर अंदाजाने पडले. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे पूर्ण लागतात. एस.टी.त ६५ नंतर अर्धे तिकीट आणि २०२२ पासून ७५ नंतर प्रवास मोफत. कागदावर वय तीन वर्षांनी कमी पडले, तर तीन वर्षांचे पैसे गेले. कंडक्टर चेहरा बघून 'आजोबा' म्हणतो, कागद मात्र 'अजून वेळ आहे' म्हणतो!

म्हणून घरातल्या थोरांचे कागद आजच काढून बघा. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर जपून ठेवा. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा हाच दाखला ग्राह्य धरला. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा हातात घेऊनच केंद्रावर जा. नव्या बाळाची नोंद तर लगेच करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे.

आणि हाकेचे म्हणाल तर सोपे आहे. वयाचा अंदाज येत नसेल तर 'ताई' म्हणा, 'दादा' म्हणा. नाव माहीत असेल तर नावापुढे 'राव' किंवा 'बाई' लावा. 'तुम्ही' म्हणायला पैसे पडत नाहीत. आपल्या वाडवडिलांना जन्मभर जे ऐकायला मिळाले नाही, ते आपल्या मुलांच्या तोंडून सर्वांना ऐकू येऊ द्या.