चिंचोके, यावलाथ आणि खेळ रचणारा संगणक

मंडळी, पाच बाय पाच चौकोन, चार कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके, आणि प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सोलापुरात या खेळाचं नाव विचारा, तीन उत्तरं मिळतील. मराठी घरात अष्टाचंगा, कन्नड घरात चौकाबारा, पूर्व भागातल्या तेलुगू घरात अष्टाचम्मा. नियमही घराघरांत थोडे वेगळे. कुणाकडे दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या चौकोनांत जाता येत नाही, कुणाकडे ही अटच नाही. संगणक नवे खेळ कसे रचतो हे सांगायला मी इथून सुरुवात करतोय, कारण तोही हेच करतो: असलेला नियम बदलायचा आणि खेळून बघायचं.

आधी दानाचा हिशोब बघू. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. नाहीतर जेवढ्या उताण्या तेवढी घरं. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर सोळापैकी एकदा चार, एकदा आठ, आणि सरासरी दान अडीच घरांचं. खरी कवडी इतकी नि:पक्षपाती नसते, चिंचोका तर नाहीच! (हशा) पण एवढी माहिती संगणकाला पुरते. तो स्वतःशीच हजारो डाव खेळतो. मारण्याची अट ठेवून खेळतो, काढून खेळतो. मग मोजतो: डाव किती लांबला? पहिला खेळणाराच जास्त जिंकतो का? मागे पडलेल्याला वर यायची संधी मिळते का?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये कॅमरन ब्राउन यांनी पीएचडीसाठी 'लुडी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक खेळ म्हणजे नियमांचे सुटे तुकडे: पट कसला, चाल कशी, जिंकायचं कधी. लुडी दोन खेळांचे तुकडे एकमेकांत मिसळायचा, एखादा तुकडा बदलायचा आणि जे तयार होईल ते स्वतःशी खेळून बघायचा. असे १३८९ खेळ निघाले. त्यातले खेळण्याजोगे ठरले १९.

हे प्रमाण लक्षात ठेवा. नियम बदलणं कुणालाही जमतं. टाकाऊ काय ते ओळखणं अवघड.

त्या १९ मधला नावाजलेला खेळ म्हणजे 'यावलाथ', २००७ सालचा. जळगावच्या यावलशी याचा संबंध नाही, नावही प्रोग्रॅमनेच जुळवलंय. पटावर एकसष्ट षटकोनी घरं. दोघांनी आळीपाळीने एकेक सोंगटी ठेवायची. चार एका ओळीत आल्या की जिंकलात, पण नुसत्या तीनच आल्या तर हरलात. आता गंमत बघा. मी अशी सोंगटी ठेवतो की पुढच्या चालीत माझ्या चार होतील. तुम्हाला मला अडवावंच लागतं, आणि अडवायला ठेवलेल्या सोंगटीने तुमच्याच तीन जुळतात. गेलात! हा डावपेच नियमांत कुठेही लिहिलेला नाही. दोन साधे नियम शेजारी आले आणि तो तयार झाला. २००९ मध्ये स्पेनच्या नेस्टरगेम्सने हा खेळ विक्रीला आणला.

पण चांगला खेळ म्हणजे काय, हे लुडीला कुणी सांगितलं? माणसांनीच. ब्राउन यांनी लोकांना खेळ खेळायला देऊन पसंती विचारली आणि कुठली मोजमापं त्या पसंतीशी जुळतात ते शोधलं. २०२४ मध्ये 'गॅवेल' नावाच्या कामात नियम सुचवायला भाषेचं मॉडेल वापरलं. सुचवणारा हुशार झाला, तरी डाव खेळून चाळणी लावणं सुटलं नाही.

गॅवेलला शिकायला खेळ मिळाले ते 'लुडी'च्या पुढच्या पिढीतून, 'लुडाई'मधून. ब्राउन यांनी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात जगभरच्या पारंपरिक खेळांचा जो प्रकल्प चालवला, त्यात ही प्रणाली घडली. तिच्यात हजारावर खेळ आहेत. मात्र यंत्राला तेवढेच तुकडे माहीत, जेवढे कुणीतरी लिहून दिलेत. तुमच्या आजीच्या घरचा नियम लिहिलेला नसेल, तर यंत्राच्या लेखी तो नाहीच.

म्हणून आज घरी गेल्यावर विचारून लिहून काढा: फुलीची घरं कोणती, परत दान कधी मिळतं, आत कधी शिरायचं. आणि हमखास राहून जातं ते हे: सलग तीनदा चार-आठ पडलं, तर तुमच्याकडे दान बाद होतं की नाही?