सासूबाईंचा विसर आणि रक्तातली सूज

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला रक्ताचा रिपोर्ट दाखवला. सासूबाई वर्षभरापासून विसरतात. भाजीत मीठ दोनदा पडतं, घराची वाट चुकते. रिपोर्टात ‘सीआरपी’ वाढलेला. “म्हणजे अल्झायमर झाला का हो?” ताईंचा जीव कासावीस झाला होता.

पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते. शरीराचे रक्षक तिथे धावून आल्याची ती खूण. आतली सूज डोळ्यांना दिसत नाही, पण रक्तात कळते. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. सूज आली की ते रक्तात वाढतं.

मग त्याचा मेंदूशी काय संबंध? अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचत जातात. हा कचरा काढायला मेंदूतल्या रक्षक पेशी धावतात. पण कचरा संपत नाही आणि त्यांचं चवताळणंही थांबत नाही. मग चांगल्या पेशींनाही इजा होते. म्हणून शास्त्रज्ञ या सुजेच्या खुणा रक्तात शोधत आहेत.

पण गावावर धूर दिसला म्हणून कुणाची चूल पेटली ते कळतं का? सीआरपीचं तसंच आहे. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सांध्यांची सूज, कशानेही तो वाढतो. आणि अल्झायमर असूनही तो ठीक असू शकतो. मे 2025 मध्ये अमेरिकेत एका रक्ततपासणीला मान्यता मिळाली, पण ती टाऊ आणि अमायलॉइड मोजते, सीआरपी नव्हे. नुसत्या तिच्यावरूनही डॉक्टर निदान करत नाहीत.

मग करायचं काय? म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग असू शकतो. विसर हळूहळू वाढत असेल, तर बी-12, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगा. चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. कान-डोळेही तपासून घ्या. यातलं काही कारण निघालं, तर उपचारांनी फरक पडू शकतो.

ताईंना आम्ही हेच सांगितलं: सीआरपी का वाढला ते डॉक्टरांना विचारा, आणि विसरण्याची वेगळी तपासणी करून घ्या. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका आणि एका आकड्याला घाबरूही नका. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर लिहून ठेवा.