कार्पेंटर्सची तपकिरी एलपी

'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराबद्दल माझं मत मुळात चांगलं नाही. कलाकाराला सवड नसते, कंपनीला धीर नसतो; मग जुनी गाणी गोळा करायची, नवं कव्हर चढवायचं आणि तीच गाणी त्याच माणसांना पुन्हा विकायची. कार्पेंटर्सची 'द सिंगल्स : १९६९–१९७३' ही एलपी मात्र याला सणसणीत अपवाद आहे.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. कार्पेंटर्स म्हणजे रिचर्ड (जन्म १९४६) आणि कॅरन (१९५०) ही न्यू हेवनची भावंडं. १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातल्या डाउनीला आलं. १९६९ मध्ये ए अँड एम कंपनीशी करार झाला आणि पुढच्याच वर्षी 'क्लोज टू यू' अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. भाऊ संगीत सांभाळतो, बहीण गाते. हृदयनाथ-लता ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याचं नवल नको.

नोव्हेंबर १९७३ मध्ये ही एलपी आली. कव्हर तपकिरी, त्यावर सोनेरी नाव, भावंडांचा फोटोसुद्धा नाही. पण आतल्या गाण्यांबाबत रिचर्ड चिकित्सक माणूस, आहे तसं काही सोडवेना. 'टिकिट टू राइड' कॅरननं एकोणिसाव्या वर्षी गायलं होतं, ते तिच्याकडून नव्यानं गाऊन घेतलं. 'टॉप ऑफ द वर्ल्ड'ची तर गंमतच. १९७२ च्या अल्बममध्ये ते कोपऱ्यात पडून होतं. लिन अँडरसननं त्याचं कंट्री रूप गाजवल्यावर यांना जाग आली. कॅरननं तेही पुन्हा गायलं आणि डिसेंबरात ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

माझा जीव अडकला आहे तो पहिल्या बाजूच्या शेवटाकडे. 'सुपरस्टार', 'रेनी डेज अँड मंडेज' आणि 'गुडबाय टू लव्ह' ही तीन वेगवेगळ्या वेळची गाणी रिचर्डनं मध्ये श्वास न घेता एकमेकांत ओवली आहेत. 'सुपरस्टार'चे शब्द म्हणे कॅरननं कागदी रुमालावरून वाचले आणि तो पहिलाच प्रयत्न कायम ठेवला गेला. रेडिओवाले बिचकू नयेत म्हणून मूळ गाण्यातली शय्या रिचर्डनं आधीच हलवली होती! ओबो आणि हार्पच्या त्या सुरुवातीनंतर कॅरन खर्जात उतरते. इतक्या खाली जाऊनही आवाज जड होत नाही, कानाशी येऊन बोलावा तसा राहतो.

मग माउथऑर्गन, पावसाळी सोमवार, आणि शेवटी 'गुडबाय टू लव्ह'. बिंग क्रॉस्बीच्या १९४० च्या एका चित्रपटात या नावाच्या गाण्याचा नुसता उल्लेख होतो, गाणं ऐकू येतच नाही. त्या नावावरूनच रिचर्डनं चाल बांधली, जॉन बेटिसनं शब्द लिहिले. मऊसूत सुरावट चालू असताना टोनी पेलुसोची फझ गिटार अशी करवतीसारखी घुसते की चाहत्यांनी चक्क संतापाची पत्रं धाडली. गोडगोड म्हणून कार्पेंटर्सना नाकं मुरडणाऱ्यांनी एवढी दोन मिनिटं ऐकावीत.

आणि मागचा तो भरगच्च कोरस? सगळे आवाज या दोघांचेच, थरावर थर चढवून केलेले. कॅरन मुळात ड्रमर, हे तर लोक विसरूनच जातात.

माझी प्रत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. दुसरी बाजू मी क्वचितच लावतो. 'सिंग' हे 'सेसमी स्ट्रीट'मधलं गाणं मला आजही बालिश वाटतं, 'यस्टरडे वन्स मोअर' मात्र पंधराव्या वर्षीही रडवायचं आणि आताही रडवतं.

जानेवारी १९७४ मध्ये ही एलपी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली. ब्रिटनमध्ये तर ती एकूण सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. कॅरन ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, बत्तिसाव्या वर्षी गेली. अ‍ॅनोरेक्सियानं तिचं शरीर पोखरलं होतं.

आता मोबाइलवर गाणी सुटी मिळतात. ही मात्र सुटी ऐकू नका. शफल बंद करा आणि पहिली बाजू मूळ क्रमानं, सलग लावा.