जुन्या पेटीला नवी कडी

दसरा जवळ आला, की धारूर तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे डोळे उघडू लागतात आणि घराघरांत ऊसतोडीला निघण्याची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयत्यांना धार लागते, टायरगाडी तपासली जाते, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण बांधले जाते. या सामानात एक वस्तू हमखास दिसते. ती म्हणजे हत्यारांची पत्र्याची पेटी. कुणाची ती वडिलांच्या वेळची असते, तर कुणाची विहिरीवरच्या इंजिनाबरोबर आलेली. तिची कडी तुटलेली, तळ गंजलेला आणि झाकण सुतळीने आवळलेले असते.

पेटीकडे कोण लक्ष देतो, असे आपण म्हणतो. पण ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि त्या एका कोयत्याचा सारा हिशेब टनावर चालतो. ऐन हंगामात गाडीचा नट ढिला झाला आणि पाना सापडला नाही, किंवा पेटीचा तळ फुटून पकड वाटेत कुठे गळून पडली, तर गाडी उभी राहते. जो ऊस काट्यावर गेला नाही, तो उचलीतून फिटत नाही. शिवाय कडीच्या जागी बांधलेल्या तारेने हात कापला, तर त्याच हाताने कोयता धरायचा असतो. म्हणून तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस पेटी हाती घ्यावी. पाऊस उघडलेला असतो, ऊन चांगले असते आणि रंगही नीट वाळतो.

पेटी ठेवावी की मोडीत घालावी?

प्रथम पेटी पूर्ण रिकामी करावी. ती उलटी करून उन्हाकडे धरावी आणि आतून पाहावे. जिथून उजेड येतो, तिथे भोक आहे. मग खिळ्याच्या टोकाने तळ, कोपरे आणि बिजागरीजवळचा पत्रा दाबून पाहावा. गंज वरवरचा असेल, तर खिळा आत जाणार नाही. एक-दोन ठिकाणीच भोक पडत असेल, तर ठिगळ लावता येते. चारही कोपऱ्यांत खिळा सहज आरपार जाऊ लागला, तर मात्र त्या पेटीवर रंग आणि मेहनत वाया घालवू नये.

गंज का चढतो?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली, की गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगतो, वरच्या रंगाला फोड आणतो आणि पोपडे सुटून खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. मिठामुळे आणि रासायनिक खतांमुळे हे काम फार झपाट्याने होते. खते हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून खताच्या पोत्याशेजारी किंवा गोठ्याच्या ओलीत ठेवलेली पेटी दोन-तीन पावसाळ्यांतच खलास होते. पेटी दोन लाकडी पट्ट्यांवर, जमिनीपासून उंच ठेवली, तर तिचे आयुष्य पुष्कळ वाढते.

साफसफाई

१) धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून पेटी आतून-बाहेरून धुवावी. तेलकटपणा राहिला, तर पुढे रंग धरत नाही.

२) सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढावा. जुना रंग घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. कोरडा घासू नये. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये असा नियम लागू आहे. पण आपल्या पेटीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा असतो. घासण्याचे काम अंगणाच्या कडेला करावे, मुलांना दूर ठेवावे आणि घाण गोळा करून टाकावी.

३) बिजागरी आणि कोयंडा अडकला असेल, तर त्यावर डिझेलचे थेंब टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी हळूहळू हलवून सोडवावा. हातोडीने ठोकू नये.

४) गंजलेले पाने, पकडी आणि सुटे भाग चिंचेच्या दाट कोळात रात्रभर प्लास्टिकच्या घमेल्यात बुडवावेत. चिंचेतील आंबट द्रव्य गंज विरघळवते. सकाळी घासून सोड्याच्या पाण्यात बुचकळावेत, स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवावेत आणि तेलाचा हात फिरवावा. ओले ठेवले, तर तासाभरात पुन्हा तांबूस होतात.

पेटी जस्ताच्या पत्र्याची, म्हणजे पांढऱ्या चकाकीची असेल, तर तिला चिंच लावू नये आणि तारेचा ब्रशही मारू नये. तिचे रक्षण ते जस्तच करते.

या कामात हात खरचटला, तर साबणाने धुवावा आणि दवाखान्यात दाखवावे. धनुर्वात गंजामुळे होतो अशी समजूत आहे. खरे तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि आपली हत्यारे तिथेच वावरतात. इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर ते आवश्यक आहे.

भोकाला ठिगळ

पातळ पत्र्यावर वेल्डिंग करून घेण्याचा मोह टाळावा. पत्रा जळून भोक आणखी मोठे होते. भोकाभोवतीचा कुजका भाग कापून टाकावा आणि सगळ्या बाजूंनी दोन बोटे जास्त येईल असे पत्र्याचे ठिगळ कापावे. दोन्ही पृष्ठभागांना रेडऑक्साइड लावून ते रिव्हेटने बसवावे.

कडी: खरे काम इथेच

तुटलेल्या पेट्या पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. सहसा कडी तुटत नाही, तर कडीखालचा पत्रा फाटतो. सगळा भार दोन रिव्हेटांभोवतीच्या नखाएवढ्या पत्र्यावर येतो. म्हणून जुन्याच भोकांत नवी कडी बसवली, तर ती फार दिवस टिकत नाही.

दुसरी गोष्ट कडीच्या जागेची. कडी झाकणावर असली, की सारे ओझे बिजागरी आणि कोयंड्याला लटकते. कोयंडा निसटला, की हत्यारे पायावर. लहान पेटीला झाकणावरची कडी चालेल, पण मोठ्या पेटीला दोन्ही बाजूंना एकेक कडी बसवावी. म्हणजे दोघांना मिळून ती उचलता येते.

कडी अशी करावी:

८ मिलिमीटर जाडीची सळई घ्यावी. मुठीसाठी वाळलेल्या बाभळीचा ११-१२ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर जाड तुकडा घ्यावा. ओले लाकूड पुढे आक्रसते आणि सैल होते. तापवलेल्या गजाने दोन्ही टोकांकडून निम्मे-निम्मे भोक पाडावे. सळई सरळ असतानाच मूठ तिच्यात ओवावी आणि त्यानंतर लोहाराकडून टोके वाकवून घ्यावीत. आधी वाकवली, तर मूठ आत जाणार नाही. मूठ आणि पेटी यांत ४ सेंटिमीटर जागा ठेवावी, म्हणजे बोटे चेंगरत नाहीत. बाभूळ मिळाली नाही, तर ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा ओवावा आणि आत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी.

सळईची टोके लोखंडी पट्टीच्या दोन कानांत अडकवावीत. हे कान पेटीला बसवताना आतल्या बाजूने ३ मिलिमीटर जाडीची आणि साधारण १० सेंटिमीटर लांबीची पट्टी जरूर ठेवावी. आता भार नखाएवढ्या जागेवर न राहता पूर्ण पट्टीवर पसरतो. सगळ्या दुरुस्तीचे मर्म या पट्टीत आहे.

रिव्हेट ५ मिलिमीटरचा असेल, तर त्याचे टोक पट्टीबाहेर ७-८ मिलिमीटर राहू द्यावे. डोके ऐरणीवर टेकवून हे टोक ठोकून बसवावे. रिव्हेट नसतील, तर नटबोल्ट चालतील. पण दोन्ही बाजूंना वायसर घालावेत आणि एकावर एक दोन नट आवळावेत. खिळा वाकवून काम भागवू नये.

रंग आणि परीक्षा

पेटीला आतून-बाहेरून रेडऑक्साइडचा एक हात द्यावा, एक दिवस वाळू द्यावा आणि मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात द्यावेत. दोहोंत एक दिवस जाऊ द्यावा. एकच जाड हात वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. मुठीला जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. चिंधी पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर पसरून वाळवावी.

शेवटी परीक्षा. पेटीत नेहमी १० किलो सामान असेल, तर १५ किलो वाळू भरावी. पेटी जमिनीपासून वीतभरच उचलावी आणि पाय बाजूला ठेवून थोडा वेळ धरावी. कान हलला किंवा पत्रा वाकला, तर घरीच कळलेले बरे.

पेटीत काय असावे?

पकड, पाने, हातोडी, कोयत्यासाठी कानस, बांधणीची तार, जादा नट आणि पिना, दाभण-सुतळी, वंगणाची लहान डबी. फवारणीचे औषध आणि खाण्याची वस्तू या पेटीत कधीही ठेवू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने यादी लिहावी. कोपीवर मुलांनाही ती वाचून हत्यारे मोजता येतात. आणि एक लहान पेटी गावी राहणाऱ्या आई-वडिलांसाठी ठेवावी. सारी हत्यारे फडावर गेली, तर दाराची कडी निखळल्यावर म्हातारीने कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?

हे काम गावच्या लोहाराकडूनच करून घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात लोहारकामही आहे. तिच्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरवलेले आहे. आपल्या लोहारदादांना याची माहिती नसेल, तर आपण द्यावी. ग्रामपंचायतीत चौकशी करता येईल.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुजतो. यंदा त्यांच्या रांगेत त्यांचे घरही स्वच्छ होऊन बसू द्या. मग गाडी जुंपताना सुतळी शोधावी लागणार नाही.