विश्लेषण : तीन मिलिमीटर लाकडावर ७० किलोंचा ताण! हाताने घडवलेली गिटार टिकते आणि वाजते कशी?

अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या की त्या सगळ्या मिळून साधारण ७० किलोंच्या जोराने ओढत असतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या तारांना लोंबकळतो आहे, असे समजा. हा ताण पेलणारी वरची फळी मात्र जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर त्याहूनही पातळ. मग ही फळी मोडत कशी नाही? आणि कारखान्यात यंत्रावर हजारो गिटार तयार होत असताना काही जण एकेका गिटारवर शंभराहून अधिक तास का घालवतात?

फळी जाड का करत नाहीत?

कारण मग गिटार वाजणारच नाही. तार इतकी बारीक असते की ती स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन ब्रिजमधून, म्हणजे तार जिथे अडकवलेली असते त्या पट्टीतून, वरच्या फळीत उतरते आणि ही फळी स्पीकरच्या पडद्यासारखी हलते. तंबोऱ्यात हेच काम तबली करते. फळी जाड केली तर ती मजबूत होते, पण मुकी होते. पातळ केली तर छान बोलते आणि काही वर्षांत ब्रिजपाशी फुगून वर येते. गिटार बनवणारा कारागीर या दोन टोकांच्या मधली जागा शोधत असतो.

त्यासाठी फळीच्या आतल्या बाजूला लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवतात. त्यांना ब्रेसिंग म्हणतात. जर्मनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत गेलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारमध्ये १८४०च्या दशकात इंग्रजी 'एक्स'च्या आकाराची रचना दिसू लागली. तेव्हा तारा आतड्याच्या असत. पुढे पोलादी तारा आल्या, ताण वाढला आणि हीच रचना कामी आली. आज बहुतेक पोलादी तारांच्या गिटारमध्ये तीच आढळते.

यंत्राला जमत नाही असे हाताने काय होते?

इथे थोडे गणित. फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो (इंजिनीअरिंगला हे सूत्र पाठ करताना ते गिटारसाठी उपयोगी पडेल, असे कुणी सांगितले नव्हते). म्हणजे जाडी फक्त १० टक्के कमी केली, तर ताठपणा तब्बल २७ टक्क्यांनी घटतो. तीन मिलिमीटरच्या फळीत १० टक्के म्हणजे रंध्याचे मोजके हात.

त्यातच एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या निघत नाहीत. यंत्र दोन्ही फळ्या एकाच मापाच्या करते आणि त्यातली कमकुवत फळीही टिकावी म्हणून कारखाना जाडी थोडी जास्तच ठेवतो. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, परत आलेली गिटार परवडत नाही. हाताने घडवणारा मात्र फळी दोन्ही हातांत धरून वाकवून पाहतो, कानाशी नेऊन टिचकी मारतो, पुन्हा थोडी तासतो, पुन्हा ऐकतो. ताठ निघाली तर आणखी पातळ करतो, मऊ निघाली तर थांबतो. हाताने घडवलेल्या गिटारसाठी जास्त पैसे मोजायचे ते मुख्यतः या थांबण्याचे. बाकी शिंपल्यांची नक्षी, चकाकी वगैरे यंत्रही उत्तम करते.

आवाज वरच्या फळीचाच असतो, हे स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये गिटारची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या बनवून दाखवून दिले होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग शिसवी लाकडाचा एवढा आग्रह का?

पाठ आणि कडांचाही आवाजाच्या पोतावर थोडा परिणाम होतो. शिवाय शिसवी लाकूड घट्ट, टिकाऊ आणि वाकवायला चांगले. दोन मिलिमीटरच्या पट्ट्या ओलसर करून तापलेल्या नळीवर दाबल्या की गिटारच्या कंबरेचा बाक येतो. घाई केली तर तडा, रेंगाळले तर चटका.

पूर्वी यासाठी ब्राझीलचे रोझवूड वापरले जाई. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि मोठ्या गिटार कंपन्या भारताकडे वळल्या. आजीच्या घरातले कपाट ज्या शिसवीचे असते, तेच हे लाकूड. दक्षिण भारतात कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली शिसवीची झाडेही असतात.

मात्र रोझवूडची जगभर बेसुमार तोड झाल्याने 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून त्या वंशातल्या जवळपास सगळ्या जातींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन घातले. तोड मुख्यतः महागड्या फर्निचरसाठी होत होती, पण एकेक गिटार परदेशी पाठवणारे छोटे कारागीरही कागदपत्रांत अडकले. कारखान्याकडे त्यासाठी माणसे असतात, एकट्याने काम करणाऱ्याकडे कुठून असणार? अखेर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या रोझवूडला मात्र ती नाही, आणि कच्च्या लाकडावरचे बंधनही कायम आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात काय होते?

गिटार साधारणपणे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत जोडतात. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकूड रुंदीत फुगते, वरची फळी उचलली जाते, तारा पट्टीपासून दूर जातात आणि बोटे दुखू लागतात. उलटे झाले, म्हणजे दमट हवेत जोडलेली गिटार एसीच्या कोरड्या खोलीत राहिली, तर फळी आक्रसते आणि उभी चीर पडते. फुगलेले लाकूड बरेचसे पूर्ववत होते, चीर मात्र दुरुस्त करावी लागते. म्हणून पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून न ठेवता बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि कोरड्या महिन्यांत त्या पुड्या आठवणीने काढून टाका.