मूड ऑफ आहे? मग थोडी शेती करा!

परीक्षा, एटीकेटी, प्लेसमेंट, ब्रेकअप... डोकं जड झालं की हात आपोआप मोबाइलकडे जातो. मग निदान गेम तरी असा निवडा, जो डोक्याला आणखी ताप देणार नाही.

सबमिशनचा आठवडा, त्यात व्हायवा, त्यात घरून ‘अभ्यास कसा चाललाय?’ असा फोन. रात्री अकराला तुम्ही ‘पाच मिनिटं फ्रेश होऊ’ म्हणून बीजीएमआय उघडता. लागोपाठ तीन मॅच हरता. स्क्वॉडमधला एक जण माइकवरून तुमचा यथेच्छ उद्धार करतो, रँक घसरते आणि साडेबाराला तुम्ही आधीपेक्षा जास्त वैतागून अंथरुणावर पडता. ओळखीचं वाटतंय ना?

शंभर जणांतून शेवटपर्यंत टिकायचं, ही गंमत मूड चांगला असताना भारीच असते. पण दिवसभर मार्क आणि कटऑफच्या मागे पळून आल्यावर रात्री पुन्हा एका रँकमागे कशाला पळायचं? अशा वेळेसाठी गेम्सचा एक वेगळाच प्रकार आहे, ‘कोझी गेम्स’. इथे कुणी तुमच्यावर गोळ्या झाडत नाही, हरण्याची भीती जवळपास नसते आणि छोटी छोटी कामं पूर्ण केल्याचं समाधान मिळत राहतं. त्यातले काही खास तुमच्यासाठी.

प्लेसमेंटचं टेन्शन : स्टारड्यू व्हॅली

गेमची सुरुवातच बघा. तुम्ही एका कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर पिचत बसलेले आहात. ड्रॉवरमध्ये आजोबांनी दिलेलं एक बंद पाकीट आहे. ते उघडलं की कळतं, आजोबांनी गावाकडची जमीन तुमच्या नावावर केलीय. मग बस पकडायची आणि थेट गाव गाठायचं. बिया पेरा, पाणी घाला, नदीवर मासे पकडा, गावातल्या लोकांशी ओळखी वाढवा. गेममधला अख्खा दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो.

घरी खरीखुरी शेती असलेल्या दोस्तांना हे वाचून हसू येईल, आणि ते बरोबरच आहे. या शेतीत कर्ज नाही, भाव कोसळत नाही. बुजगावणं लावलं नाही तर कावळे पीक खातात आणि ऋतू बदलला की उभं पीक वाळतं, एवढंच काय ते संकट. केलेल्या कष्टाचं फळ हमखास मिळतं. खऱ्या जगात नेमकं तेच मिळत नाही, म्हणून तर हा गेम इतका गोड लागतो.

गेमपेक्षा भारी आहे तो बनवणाऱ्याची गोष्ट. अमेरिकेतला एरिक बरोन कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेऊन बाहेर पडला तेव्हा त्याला नोकरी मिळेना. हात साफ व्हावा म्हणून त्याने हा गेम बनवायला घेतला. थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं पार्ट टाइम काम करत, चित्रं, म्युझिक, कोडिंग, संवाद असं सगळं एकट्याने करत चारेक वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने गेम बाजारात आणला. आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्यात. कॉम्प्युटरबरोबर मोबाइलवरही तो मिळतो. एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही.

रिझल्टची वाट पाहताना : टेट्रिस

वाट पाहण्यासारखी छळणारी गोष्ट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी सहकाऱ्यांसोबत याच छळावर प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, ‘तुम्ही किती आकर्षक दिसता, हे इतर विद्यार्थी ठरवताहेत, निकाल येईपर्यंत टेट्रिस खेळा.’ काहींना अगदी सोपा टेट्रिस दिला, काहींना भलताच अवघड आणि काहींना खेळणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे वेग बदलणारा. तिसऱ्या गटाला ती वाट पाहणं त्यातल्या त्यात सुसह्य गेलं.

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशा अवस्थेला ‘फ्लो’ म्हटलंय. काम फार सोपं नाही, फार कठीण नाही, अशा टप्प्यावर असलं की माणूस त्यात हरवून जातो आणि डोक्यातली भुणभुण थांबते. त्यामुळे रिझल्टची लिंक दर दोन मिनिटांनी रिफ्रेश करण्यापेक्षा १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मलेला हा ठोकळ्यांचा गेम काढा.

रूम बदलताना, घर आठवताना : अनपॅकिंग आणि वेण्बा

‘अनपॅकिंग’ (२०२१) मध्ये करायचं एकच, खोकी उघडून सामान लावायचं. एका मुलीची १९९७ ते २०१८ या काळातली आठ घरं आपण लावून देतो. ती मुलगी दिसत नाही, बोलत नाही. पण बॉयफ्रेंडच्या फ्लॅटमध्ये तिची डिग्री टांगायला भिंतीवर जागाच उरत नाही आणि ती फ्रेम शेवटी पलंगाखाली सरकवावी लागते, तेव्हा आपल्याला सगळं कळतं. होस्टेलच्या निम्म्या कपाटात आयुष्य कोंबलेल्या प्रत्येकाने खेळावा असा गेम.

‘वेण्बा’ (२०२३) ही कॅनडात गेलेल्या एका तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईची रेसिपीची वही फाटलीय, अक्षरं पुसलीत, आणि त्यातून अंदाज बांधत इडली करायची. बिघडली तर पुन्हा करता येते. दीड-दोन तासांत संपतो. संपल्यावर बहुतेक तुम्ही घरी फोन लावाल.

फोन लावलाच तर पुढची पायरी ‘लुडो किंग’. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला हा गेम तुमच्या मोबाइलमध्ये असेलच. प्रायव्हेट रूम उघडा, आईला कोड पाठवा. ‘बोल, काय झालंय?’ असं समोरासमोर विचारलं की आपण गप्प बसतो. सोंगटी मारता मारता मात्र बरंच काही बोलून जातो.

एकटं वाटतंय : स्काय

‘स्काय : चिल्ड्रन ऑफ द लाइट’ मोबाइलवर फुकट आहे. ढगांतून उडायचं, वाटेत अनोळखी खेळाडू भेटतात. सुरुवातीला समोरचा नुसती काळी सावली दिसतो, मेणबत्ती पुढे केलीत की त्याचा चेहरा उजळतो. लगेच चॅट करता येत नाही, त्यामुळे शिवीगाळ नाही. खुणांनी बोलायचं, हात धरायचा आणि सोबत उडायचं. आतल्या कपड्यालत्त्यांच्या दुकानाकडे तेवढं दुर्लक्ष करा.

दहाच मिनिटं आहेत : आल्टोज् ओडिसी

वाळवंटातून घसरत जायचं, बस्स. यातल्या झेन मोडमध्ये स्कोअर नाही, नाणी नाहीत, पडलात तर उठून पुन्हा चालू. हेडफोन लावा. लोकलमध्ये विरार येईपर्यंतही चालतो, अर्थात बसायला जागा मिळाली तर!

पण याने खरंच बरं वाटतं का?

मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडलं गेलं, त्याच सुमारास निन्टेंडोचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ आला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो आणि आणखी एक गेम मिळून ३,२७४ खेळाडूंचा अभ्यास केला. खेळण्याचे तास कंपन्यांकडून थेट घेतले होते. जास्त वेळ खेळणाऱ्यांना थोडंसं अधिक बरं वाटत असल्याचं दिसलं. पण २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातून सात गेम्सच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंचा मोठा अभ्यास आला आणि त्यात नुसत्या तासांचा परिणाम चांगला किंवा वाईट, जवळपास नाहीच असं आढळलं. फरक दिसला तो खेळण्यामागच्या कारणात. मजा येते म्हणून खेळणाऱ्यांची मनःस्थिती बरी होती. खेळल्याशिवाय राहवत नाही म्हणून खेळणाऱ्यांची तितकी नव्हती.

म्हणजे औषध म्हणून याकडे बघू नका. चहाच्या ब्रेकसारखं बघा. चहाने पेपर सोपा होत नाही, पण पुन्हा पुस्तकाकडे वळण्याइतकी तरतरी येते. गेम बंद केल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा : आता मला उठून काही करावंसं वाटतंय, की तोंड लपवायला अजून एक तास हवाय? दुसरं उत्तर रोजच येत असेल, तर दुखणं वेगळं आहे.

एवढं सांभाळा

• खेळायला बसण्याआधीच अलार्म लावा. ‘स्टारड्यू’मध्ये रात्री झोपल्यावर गेम सेव्ह होतो आणि लगेच नवी सकाळ उगवते. ‘अजून एकच दिवस’ म्हणता म्हणता आपली खरी सकाळ होते.

• मूड खराब असताना गेममध्ये पैसे टाकू नका. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅप्सच्या तर वाटेलाच जाऊ नका.

• झोप, जेवण, लेक्चर मागे पडतंय, कळतंय तरी थांबता येत नाही, असं महिनोन्‌महिने चाललं तर ते साधं वेड राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे.

• दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नाही, कशातच रस वाटत नाही, किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर गेम बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. मित्र, घरचे, कॉलेजचे काउन्सिलर, कुणीही चालेल. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा. तुम्हाला लागला नाही तर रूममेटला लागेल.