कलमाची जात पानावरून ओळखणारी काचपट्टी

मुचकुंदीच्या मुखाशीं असलेल्या पूर्णगडासारख्या गांवीं हापूसची नवी लागवड करणाऱ्या बागाइतदारास एक शंका नेहमीं असते: विकत आणलेलें कलम खरोखर हापूसचेंच आहे काय? कोंवळ्या पानांवरून नजरेस खात्री पटत नाहीं. आणि फळ हातीं येईपर्यंत कित्येक वर्षांची जागा, खत व श्रम खर्ची पडलेले असतात. पानावरूनच जात पारखण्याची एक रीत आम्ही येथें सांगतों.

प्रत्येक सजीव पेशींत डी.एन.ए. नांवाचा दुपदरी धागा असतो. त्यांत चार प्रकारचे घटक ठराविक क्रमानें ओंवलेले असून प्रत्येकासमोर त्याचा ठरलेला जोडीदारच बसतो. जातीजातींत हा क्रम कांहीं ठिकाणीं एखाद्याच घटकानें भिन्न असतो.

हे भेद पाहण्याकरितां काचपट्टीवर शहाळ्याच्या कोंवळ्या मलईसारख्या, पाणी धरणाऱ्या द्रव्याचे सूक्ष्म ठिपके बसवितात. प्रत्येक ठिपक्यांत ज्ञात क्रमाचे आंखूड एकपदरी धागे रोंवलेले असतात. पानांतील डी.एन.ए.चे निवडक भाग वाढवून, त्यांस चमकणारा रंग लावून, पदर सुटे करून पट्टीवर सोडतात. तंतोतंत जुळणारा तुकडा धरून राहतो. एका घटकाचाही फरक असल्यास पकड ढिली पडून तो धुण्यांत निघून जातो. कोणते ठिपके चमकले, यावरून क्रम कळतो. सपाट काचेपेक्षां अशा ठिपक्यांत अधिक धागे मावतात, म्हणून खूण ठळक उमटते.

मॉस्कोच्या एंगेलहार्ट संस्थेंत आंद्रेई मिर्झाबेकोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस ही रीत वाढविली. औषधास दाद न देणारे क्षयाचे जंतु ओळखण्याकडे तिचा उपयोग झाला. जुळणीच्या याच तत्त्वावर आपल्या देशांत २०१५ सालीं भाताचे सुमारें ५० हजार भेद तपासणारी पट्टी प्रसिद्ध झाली.

आंब्यांत अनेक भेद एकत्र पाहावे लागतात. १९८१ सालची ‘रत्ना’ ही जात नीलम व हापूस यांच्या संकराची. तिचा अर्धा वारसा हापूसचाच आहे. एकदोन खुणा जुळल्या म्हणून निर्णय देतां येत नाहीं.

तथापि या परीक्षेची मर्यादा ध्यानांत ठेवावी. कलम म्हणजे मातृवृक्षाचीच फांदी; त्यामुळें रत्नागिरीचा हापूस व तीच फांदी नेऊन परप्रांतीं वाढविलेला हापूस यांत पट्टीस भेद दिसणार नाहीं. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसास मिळालेलें भौगोलिक मानांकन भूमीशीं बांधलेलें आहे. त्याची साक्ष बागेच्या नोंदींनींच द्यावी लागते.

म्हणून दोन गोष्टी कराव्या. परीक्षेस पान जोडाच्या वरचें द्यावें, कारण खालचा खुंट कोयीपासून वाढलेला, निराळ्या वारशाचा असतो. आणि मातृवृक्ष, खरेदी व लागवड यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. जातीची खात्री पान देईल. गांवाची खात्री दप्तरच देईल.